रोमानोव्ह घराणं: निवडून आलेले झार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रशियाच्या इतिहासाचा विषय निघाला की प्रश्न फिरून फिरून तेच येतात. झारिनेचा लाडका बुवा रास्पुटिन यानं खरंच राज्य बुडवलं का? शेवटच्या झारची मुलगी अनास्तासिया वाचली होती का? आणि एवढं मोठं राज्य आठवड्याभरात कसं कोसळलं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तुलनेनं सोपी आहेत. तिसऱ्यासाठी तीनशे वर्षं मागे जावं लागतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

रोमानोव्ह म्हणजे नक्की कोण?

१६१३ ते १९१७ अशी ३०४ वर्षं रशियाची गादी सांभाळणारं घराणं. मूळचे हे मॉस्कोतले बोयार, म्हणजे दरबारी सरदार. रोमान युरियेविच झाखारिन या पूर्वजावरून पुढे 'रोमानोव्ह' हे आडनाव पडलं. या रोमानची मुलगी अनास्तासिया १५४७ मध्ये झार इव्हान द टेरिबलची पहिली बायको झाली आणि त्या सोयरिकीनं घराण्याचं नशीब उघडलं.

रशियन नावं वाचताना गोंधळ होत असेल तर एक सोपी खूण सांगतो. त्यांची पद्धत आपल्यासारखीच आहे: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मिखाईल फ्योदोरोविच रोमानोव्ह म्हणजे फ्योदोर रोमानोव्हचा मुलगा मिखाईल.

'झार' आणि 'सम्राट' यांत फरक काय?

'झार' हा शब्द रोमन 'सीझर'वरून आला. १५४७ मध्ये इव्हान द टेरिबलनं या पदवीनिशी राज्याभिषेक करून घेतला. १७२१ मध्ये पहिल्या पीटरनं 'सम्राट' ही पदवी घेतली, पण लोकांच्या तोंडी झारच राहिला. आपल्याकडेही 'झारशाही' म्हणतात, 'सम्राटशाही' कुणी म्हणत नाही.

मग गादी रोमानोव्हांकडे आली कशी? लढून जिंकली का?

नाही, आणि हीच या घराण्याची सगळ्यात विसरली गेलेली गोष्ट आहे. ते चक्क निवडून आले.

१५९८ मध्ये इव्हानचा मुलगा फ्योदोर निपुत्रिक वारला आणि जुना राजवंश संपला. पुढची पंधरा वर्षं रशियात 'स्मूता' म्हणून ओळखली जातात. मराठीत याला धामधुमीचा काळ म्हणता येईल. १६०१ ते १६०३ सलग पिकं बुडाली आणि दुष्काळात लाखो माणसं मेली. 'इव्हानचा मेलेला मुलगा द्मित्री तो मीच' असं सांगणारे तोतये उभे राहिले आणि त्यातला एक तर १६०५ मध्ये खरोखरच गादीवर बसला. तोतयाचं बंड आपल्याला नवीन नाही, पण इथे तोतया थेट राज्याभिषेकापर्यंत पोचला होता! वर्षभरात तो मारला गेला. पुढे पोलिश फौज मॉस्कोच्या किल्ल्यात, क्रेमलिनमध्ये येऊन बसली. शेवटी निझनी नोव्हगोरोदचा कुझ्मा मिनिन नावाचा व्यापारी आणि प्रिन्स पोझार्स्की यांनी लोकवर्गणीतून सैन्य उभं केलं आणि १६१२ मध्ये मॉस्को सोडवलं.

मॉस्को सुटलं, पण झार कोण? त्यासाठी 'झेम्स्की सोबोर', म्हणजे सगळ्या मुलुखाची सभा बोलावली गेली. त्यात सरदार होते, धर्माधिकारी होते, गावोगावचे प्रतिनिधी होते, कोसॅक म्हणजे सीमेवरचे लढवय्ये स्वारही होते. स्वीडनचा राजपुत्र, पोलंडचा राजपुत्र आणि मॉस्कोतले बडे सरदार अशी सगळी नावं मागे पडली आणि फेब्रुवारी १६१३ मध्ये निवड झाली १६ वर्षांच्या मिखाईल रोमानोव्हची.

सोळा वर्षांच्या पोरालाच का?

कारण त्याच्या हातून तोवर काहीच घडलेलं नव्हतं. बड्या सरदारांपैकी प्रत्येकानं त्या पंधरा वर्षांत कुणाची ना कुणाची बाजू घेतली होती. या मुलाला शत्रू नव्हते, अनास्तासियाच्या माहेरचं नातं होतं, आणि कच्च्या वयाचा झार आपल्या मुठीत राहील असाही सरदारांचा हिशेब असणार. वडील फ्योदोर यांना आधीचा झार बोरिस गोदुनोव्ह यानं सक्तीनं संन्यास घ्यायला लावला होता. ते आता फिलारेत या नावानं पोलंडच्या कैदेत होते.

शिष्टमंडळ कोस्त्रोमाच्या इपात्येव्ह मठात पोचलं तेव्हा मिखाईलच्या आईनं, मार्फानं, साफ नकार दिला. तिचं म्हणणं बिनतोड होतं: तुम्ही आधीच्या प्रत्येक झारापुढे शपथ घेतलीत आणि प्रत्येकाशी बेइमानी केलीत. तासन्‌तास विनवण्या झाल्या तेव्हा कुठे ती राजी झाली. फिलारेत १६१९ मध्ये सुटून आले, चर्चचे मुख्य धर्मगुरू झाले आणि १६३३ पर्यंत मुलाच्या बरोबरीनं त्यांनीच कारभार हाकला.

या सुरुवातीला एक काळी किनारही आहे. तोतयाची विधवा मारिना म्निशेकचा लहान मुलगा गादीचा दावेदार ठरू शकत होता. १६१४ मध्ये त्या जेमतेम तीन वर्षांच्या पोराला मॉस्कोत जाहीर फाशी दिलं गेलं. 'इपात्येव्ह' हे नाव आणि हा प्रसंग लक्षात असू द्या.

ज्या सभेनं त्यांना निवडलं, तिचं पुढे काय झालं?

सुरुवातीला ती वारंवार बोलावली जायची, कारण तिजोरी रिकामी होती आणि कर हवे होते. मिखाईलचा मुलगा अलेक्सेई याच्या काळात १६४९ ची कायदेसंहिता याच सभेपुढे मंजूर झाली. त्या संहितेनं शेतकऱ्याला जमिनीशी कायमचं बांधून टाकलं. पळून गेलेला भूदास कितीही वर्षांनी सापडला तरी मालकाला परत मिळणार. जमीनदार खूश, झारही निर्धास्त. मग सभेची गरज कुणाला? सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती बंदच पडली. तिची आठवण एकदम १९१७ मध्ये निघाली, त्याबद्दल खाली येईलच.

पीटरला 'द ग्रेट' का म्हणतात?

क्रेमलिनच्या संग्रहालयात चांदीचं एक जोडसिंहासन आहे. १६८२ मध्ये दहा वर्षांचा पीटर आणि त्याचा आजारी सावत्र भाऊ इव्हान असे दोन झार एकाच वेळी गादीवर बसवले गेले, त्यांच्यासाठी ते केलेलं. त्याच्या पाठीला एक झरोका आहे. पडद्यामागे बसून मोठं माणूस पोरांना 'आता असं बोल' म्हणून सांगायचं. खरा कारभार होता बहीण सोफियाच्या हातात.

त्या झरोक्यापुढे बसलेला मुलगा मोठेपणी सहा फुटांच्या वर गेला आणि कुणाचंच ऐकेनासा झाला. १६९७ मध्ये तो वेष बदलून हॉलंडला गेला आणि जहाजाच्या गोदीत सुतार म्हणून राबला. परतल्यावर त्यानं सरदारांच्या दाढ्या कापल्या. दाढी ठेवायची असेल तर कर भरा, आणि भरल्याची खूण म्हणून एक तांब्याचा बिल्ला जवळ बाळगा. बिल्ल्यावर नाक, मिशा, दाढी कोरलेली आणि वर लिहिलेलं: 'पैसे घेतले'. १७०३ मध्ये दलदलीत सेंट पीटर्सबर्ग वसवलं. ते बांधताना किती मजूर मेले याचा हिशेब कुणी नीट ठेवला नाही. १७०९ मध्ये पोल्टाव्हाला स्वीडनचा पराभव केला आणि युरोपला रशियाची दखल घ्यावीच लागली.

थोर होता यात शंका नाही. पण पोटचा मुलगा अलेक्सेई परदेशी पळाला, तेव्हा त्याला फूस लावून परत आणलं, छळ केला, देहदंड ठोठावला. १७१८ मध्ये तो किल्ल्याच्या कोठडीतच मेला. मग १७२२ मध्ये पीटरनं फर्मान काढलं की वारस कोण हे झार स्वतः ठरवील. आणि १७२५ मध्ये वारस न ठरवताच मेला.

म्हणूनच पीटरनंतर इतक्या बायका गादीवर आल्या का?

हो. वारसाचा नियम नाही म्हटल्यावर पहारेकऱ्यांच्या पलटणी ज्याच्या बाजूला, त्याची गादी. आधी पीटरची विधवा पहिली कॅथरीन आली. ही मूळची शेतकऱ्याघरची मोलकरीण. मग नातू दुसरा पीटर आला, तो १७३० मध्ये देवीच्या साथीत गेला आणि रोमानोव्हांची थेट पुरुषशाखा तिथेच संपली. मग पुतणी ॲना. तिच्यानंतर सहावा इव्हान दोन महिन्यांचा असताना सम्राट झाला, वर्षभरात पीटरची मुलगी एलिझाबेथ हिनं त्याला उचलून कैदेत टाकलं आणि १७६४ मध्ये तो तुरुंगातच मारला गेला. विसाव्या वर्षापलीकडे जाऊनही त्यानं मोकळं जग असं पाहिलंच नव्हतं.

कॅथरीन द ग्रेट तर जर्मन होती. मग पुढचे सगळे रोमानोव्ह कसे?

रक्ताचा हिशेब मांडला तर फारसे नाहीतच. एलिझाबेथनं आपल्या बहिणीचा जर्मनीत वाढलेला मुलगा वारस नेमला, तो तिसरा पीटर. त्याची बायको सोफी ही एका छोट्या जर्मन संस्थानातली, तीच पुढे कॅथरीन झाली. १७६२ मध्ये तिनं सहा महिन्यांत नवऱ्याला गादीवरून खाली खेचलं आणि काही दिवसांत तो मेला. सरकारी जाहीरनाम्यात कारण दिलं होतं मूळव्याध आणि पोटशूळ! युरोपभर लोक हसले.

तरी तिनं ३४ वर्षं राज्य केलं आणि खमकेपणानं केलं. क्रिमिया घेतला, पोलंडचे लचके तोडण्यात मोठा वाटा उचलला, १७६८ मध्ये स्वतःला देवीची लस टोचून घेऊन दरबाराला धडा घालून दिला. (जेन्नरच्या आधीची, जुन्या पद्धतीची लस, म्हणजे जिवाशी खेळच.) फ्रेंच विचारवंतांशी पत्रव्यवहार करणाऱ्या या बाईच्या राज्यात भूदासांची अवस्था मात्र आणखी वाईट झाली. १७७३ मध्ये पुगाचोव्ह नावाच्या कोसॅकानं 'मीच तो तिसरा पीटर' म्हणून बंड उभारलं, तेव्हा व्होल्गाकाठचे हजारो भूदास त्याच्यामागे गेले. पुन्हा तोतयाच.

एका झारानं हिंदुस्थानवर फौज पाठवली होती, हे खरं आहे?

खरं आहे. कॅथरीनचा मुलगा पॉल इंग्रजांवर बिनसला आणि जानेवारी १८०१ मध्ये त्यानं डॉनच्या कोसॅकांना हिंदुस्थानकडे कूच करायला सांगितलं. सुमारे बावीस हजार स्वार निघाले. हाताशी धड नकाशे नव्हते, वाटेत गवत नव्हतं. ते रशियाच्या हद्दीबाहेरही पडले नव्हते, तोच मार्चमध्ये पॉलचा खून झाला आणि नव्या झारानं त्यांना माघारी बोलावलं.

हा खून आपल्या ओळखीचा वाटेल. थोरला मुलगा अलेक्झांडर याला बापाला गादीवरून काढण्याचा कट ठाऊक होता. जिवाला धक्का लागणार नाही असं त्याला सांगितलं होतं. पुढे 'ध'चा 'मा' झाला. ज्या भीतीपोटी पॉलनं खंदकवाला मिखाइलोव्स्की वाडा बांधला, त्याच वाड्यात, राहायला आल्यापासून चाळीसेक दिवसांत त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याला मारलं.

पॉलचं एक काम मात्र टिकलं. १७९७ मध्ये त्यानं वारसाहक्काचा कायदा केला: गादी थोरल्या मुलाकडे जाईल, आणि घराण्यात पुरुष शिल्लक असेपर्यंत बाईला मिळणार नाही. आईवरचा राग, दुसरं काय! त्यानंतर एकही बाई गादीवर आली नाही.

भूदासांना मुक्त करणाऱ्या झारालाच बाँबनं का मारलं?

१८१२ चा नेपोलियन, १८२५ चं अधिकाऱ्यांचं फसलेलं बंड आणि पहिल्या निकोलसची तीस वर्षांची करडी राजवट इथे ओलांडून जातो. क्रिमियन युद्धात रशियाचं पितळ उघडं पडलं आणि दुसऱ्या अलेक्झांडरनं ओळखलं की भूदासगिरी वरून रद्द केली नाही तर ती खालून मोडली जाईल. १८६१ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी माणसं मुक्त झाली. पण जमीन फुकट नव्हती. तिची किंमत ४९ वर्षांच्या हप्त्यांनी सरकारला फेडायची होती. शेतकऱ्याला वाटलं आपल्याला फसवलं, जमीनदाराला वाटलं आपल्याला लुटलं, आणि शिकलेल्या पोरांना वाटलं हे फारच थोडं झालं.

१ मार्च १८८१. पहिल्या बाँबनं बग्गी मोडली, झार बचावला. तो जखमींना बघायला खाली उतरला आणि दुसरा बाँब त्याच्या पायाशी फुटला. त्याच दिवशी सकाळी त्यानं एका योजनेला मान्यता दिली होती: कायदे करताना निवडून आलेल्या प्रतिनिधींचा सल्ला घ्यायचा. मुलगा तिसरा अलेक्झांडर यानं ती गुंडाळून ठेवली. माझ्या मते हे घराणं वाचण्याची शेवटची खरी संधी त्या रस्त्यावर गेली.

शेवटचा झार मुंबईला आला होता का?

हो, युवराज असताना. डिसेंबर १८९० मध्ये दुसरा निकोलस 'पाम्यत अझोवा' या युद्धनौकेवरून मुंबईत उतरला आणि पुढे आग्रा, लाहोर, कलकत्ता करत गेला. जिकडे तिकडे इंग्रजांचे लाल डगले बघून कंटाळा आला, असं त्यानं घरी लिहिलं. बरोबर आलेला धाकटा भाऊ गिओर्गी आजारी पडला, त्याला मुंबईहूनच परत धाडावं लागलं. पुढे जपानमध्ये एका पोलिसानंच निकोलसवर तलवार चालवली. कपाळावरची ती खूण जन्मभर राहिली.

महाराष्ट्राशी दुसरा धागा उलट्या बाजूचा आहे. झारशाहीविरुद्ध लढून परागंदा झालेल्या रशियन क्रांतिकारकांकडूनच पॅरिसमध्ये सेनापती बापट आणि हेमचंद्र दास यांनी बाँबचं तंत्र मिळवलं.

पडझड नक्की कुठे सुरू झाली?

प्रत्येक जण वेगळी तारीख सांगेल. मी जानेवारी १८९५ म्हणतो. नव्या झाराचं अभिनंदन करायला स्थानिक स्वराज्य मंडळांचे प्रतिनिधी आले होते. कारभारात आपलाही आवाज असावा अशी भीत भीत आशा त्यांनी धरली होती. निकोलसनं त्यांना सुनावलं की ही 'निरर्थक स्वप्नं' आहेत. ज्याच्या पूर्वजाला गावोगावच्या प्रतिनिधींनी गादीवर बसवलं, त्याचं हे उत्तर.

पुढच्या वर्षी राज्याभिषेकाच्या वेळी खोदिंका मैदानावर एनॅमलचा मग, पाव आणि सॉसेज फुकट मिळणार म्हणून लाखो लोक जमले. चेंगराचेंगरीत १,३८९ मेले. त्याच रात्री झार-झारिना फ्रेंच राजदूताकडे नाचाला गेले. निकोलसला जायचं नव्हतं, नातेवाइकांनी भरीस घातलं. माणूस दुष्ट नव्हता. प्रेमळ बाप होता, नेमानं रोजनिशी लिहायचा, पण समोरच्याला 'नाही' म्हणणं जमायचं नाही आणि दिलेला शब्दही टिकायचा नाही.

१९०४-०५ मध्ये जपाननं हरवलं. जानेवारी १९०५ मध्ये मजूर देवांच्या तसबिरी आणि झाराचं चित्र घेऊन अर्ज द्यायला हिवाळी राजवाड्याकडे निघाले, तर सैन्यानं गोळ्या घातल्या. झार त्या दिवशी शहरात नव्हताच, पण 'आमचा मायबाप' ही भावना मेली ती कायमची. नाइलाजानं दूमा ही संसद दिली, आणि पहिलीच ७२ दिवसांत बरखास्त केली.

रास्पुटिननं राज्य बुडवलं का?

बुडवलं म्हणणं म्हणजे त्याला फार मोठं करणं. गादीचा एकुलता वारस अलेक्सेई याला रक्त न गोठण्याचा आजार होता. व्हिक्टोरिया राणीच्या वंशातून तो आईकडून आलेला. आणि राज्यात ही गोष्ट गुप्त ठेवलेली! १९१२ मध्ये पोर मरणाच्या दारात असताना सायबेरियातून रास्पुटिनची तार आली: मुलगा मरणार नाही, डॉक्टरांना त्याला फार त्रास देऊ देऊ नका. मुलगा सावरला. त्यानंतर त्या आईला कुणी काय सांगावं?

लोकांना मात्र कारण ठाऊक नव्हतं, दिसत होता तो फक्त राणीच्या महालात जाणारा मळकट बुवा. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये निकोलस स्वतः सेनापती होऊन आघाडीवर गेला आणि राजधानी बायकोच्या हाती राहिली. तिच्या सल्ल्यानं मंत्री भराभर बदलू लागले. रास्पुटिन हा झारच्या झारीतला शुक्राचार्य ठरला खरा, पण ती झारी आधीच गळकी होती. डिसेंबर १९१६ मध्ये त्याला मारलं ते क्रांतिकारकांनी नाही. त्यात झारच्या भाचीचा नवरा आणि चुलतभाऊ सामील होते.

आठवड्याभरात राज्य कसं गेलं?

पावाच्या रांगांनी. २३ फेब्रुवारी १९१७ ला, महिला दिनी, पेट्रोग्राडच्या (सेंट पीटर्सबर्गचंच तेव्हाचं नाव) गिरण्यांतल्या बायका रस्त्यावर आल्या. चार दिवसांत सैनिकच त्यांना मिळाले. झारची आगगाडी वाटेत अडली आणि प्स्कोव्हला थांबली. सगळ्या सेनापतींच्या तारा आल्या: गादी सोडा. २ मार्चला रेल्वेच्या डब्यात, टाइप केलेल्या कागदावर निकोलसनं पेन्सिलीनं सही केली.

आधी त्यानं मुलाच्या नावे गादी सोडायचं ठरवलं होतं. मग डॉक्टरला विचारलं, मुलाचा आजार बरा होण्यासारखा नाही हे कळलं आणि त्यानं मुलाचाही हक्क सोडून भाऊ मिखाईलला गादी दिली. पॉलच्या कायद्यात असं करायची सोयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मिखाईलनं पेट्रोग्राडच्या एका फ्लॅटमध्ये नकार लिहून दिला. कागद तयार झाला तो त्या घरातल्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर. त्यातली अट अशी: लोकांनी निवडलेल्या घटनासभेनं देऊ केली तरच गादी घेईन. १६१३ चा मिखाईल सभेनं निवडला होता, १९१७ चा मिखाईल सभेची वाट बघत राहिला. जून १९१८ मध्ये पेर्मजवळ त्याला गोळी घातली गेली.

इंग्लंडच्या राजानं मावसभावाला आसरा का दिला नाही?

सरकारनं आधी देऊ केला होता. पण झार इथे आला तर मजूर बिथरतील आणि आपल्याच गादीला झळ लागेल, अशी भीती पाचव्या जॉर्जला वाटली. त्याच्या सचिवानं पत्रं लिहून तो प्रस्ताव मागे घ्यायला लावला. दोघे भाऊ दिसायला जुळ्यांसारखे होते, फोटोत ओळखू येत नाहीत.

त्या रात्री काय घडलं?

क्रांतीनंतर सत्ता बोल्शेविकांकडे, म्हणजे कम्युनिस्टांकडे गेली. येकातेरिनबुर्गमधल्या ज्या घरात त्यांनी झारच्या कुटुंबाला कैदेत ठेवलं, ते इपात्येव्ह नावाच्या इंजिनिअरचं होतं. मठाचं नाव आठवतंय ना? खिडक्यांना चुना फासलेला, भोवती उंच कुंपण. १७ जुलै १९१८ च्या पहाटेआधी सगळ्यांना उठवलं: शहरात गडबड आहे, तळघरात चला. निकोलसनं तेरा वर्षांच्या अलेक्सेईला उचलून नेलं. खोली रिकामी होती, म्हणून राणीनं खुर्च्या मागितल्या. त्या आणल्या गेल्या. मग पहाऱ्याचा प्रमुख युरोव्स्की यानं देहदंडाचा कागद वाचला आणि गोळीबार सुरू झाला. मुलींच्या अंगातल्या चोळ्यांत दागिने शिवलेले होते, त्यावरून गोळ्या उसळल्या आणि मरण लांबलं. कुटुंबातले सात आणि सोबत डॉक्टर बोत्किन, दासी देमिदोव्हा, स्वयंपाकी खारितोनोव्ह, नोकर त्रुप असे अकरा जण गेले. या चौघांना निघून जाता आलं असतं.

अनास्तासिया वाचली होती का?

नाही. बोल्शेविक सरकारनं फक्त झार मारल्याचं जाहीर केलं, कुटुंब सुरक्षित ठिकाणी हलवल्याची थाप मारली. त्या थापेतून तोतयांचं पीक आलं. सगळ्यात गाजलेली ॲना अँडरसन. तिच्या मृत्यूनंतर, १९९४ मध्ये डीएनए तपासणीत ती एका पोलिश कुटुंबातली निघाली.

तारखांत तफावत का दिसते?

रशियात फेब्रुवारी १९१८ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती. विसाव्या शतकात ती १३ दिवस मागे. वर १९१७ पर्यंतच्या रशियातल्या तारखा जुन्या आहेत, १७ जुलै नवी.

अस्थी सापडल्या का? आता कुठे आहेत?

१९७९ मध्ये दोघा हौशी शोधकांना खड्डा सापडला. सोव्हिएत राजवटीचे दिवस असे होते की त्यांनी तो पुन्हा बुजवला आणि गप्प बसले. १९९१ मध्ये नऊ जणांचे अवशेष काढले, आणि १७ जुलै १९९८ ला पीटर्सबर्गच्या किल्ल्यातल्या कॅथीड्रलमध्ये, बाकीच्या झारांशेजारी पुरले. तिथे मान झुकवून उभे होते अध्यक्ष येल्त्सिन. १९७७ मध्ये वरून हुकूम आला तेव्हा इपात्येव्हचं घर पाडलं गेलं होतं, आणि त्या भागाचे पक्षप्रमुख हेच होते. चर्चला अस्थींची खात्री नव्हती, म्हणून धर्मगुरूंनी प्रार्थनेत मृतांची नावं घेतली नाहीत. त्याच चर्चनं दोन वर्षांनी या कुटुंबाला संतपद दिलं.

अलेक्सेई आणि एका बहिणीचे अवशेष २००७ मध्ये थोड्या अंतरावर सापडले. हाडांचे जळके तुकडे, बस. डीएनए जुळला. तरी ते आईबापांशेजारी पुरले गेले नाहीत. आधी सरकारी दफ्तरखान्यात, मग २०१५ मध्ये मॉस्कोच्या नोव्होस्पास्की मठात ठेवले गेले. रोमानोव्ह झार नव्हते, नुसते बोयार होते, तेव्हा त्यांची माणसं याच मठात पुरली जात.